‘इ’ला कुठं बसवायचं

रांगेत कोण कुठं बसलंय हे शोधून काढायचे प्रश्न मी आजही शिकवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत पोरं-पोरी गोळा करते. कोणी पोलीस भरतीचं, कोणी तलाठ्याचं, कोणी बँकेचं. आधी पानावर रेघा ओढा, जितकी माणसं तितक्या. ज्याची जागा पक्की दिलीय त्याला पहिल्यांदा बसवा. मग ज्याचं नाव दोन-दोन वाक्यांत आलंय त्याला धरा. दोन शक्यता निघाल्या तर दोन रांगा मांडा, घाबरू नका, पुढचं एखादं वाक्य त्यातली एक आपोआप मारतं. घसा कोरडा होईपर्यंत हे सगळं मी सांगते. एक युक्ती मात्र सांगत नाही. मागे एका मुलीने वहीत अ, ब, क यांच्या जागी आपल्या मैत्रिणींची नावं लिहिली होती, तर मी तिच्या हातातून वही ओढून घेतली आणि ती सगळी नावं खोडली. पोरगी भेदरून बघत राहिली. "मॅडम, असं सोपं जातं," म्हणाली. अगं बाई, सोपं जातं हे मला सांगतेस? ती युक्ती माझ्याच डोक्यातून निघाली होती. त्या युक्तीने आमच्या घरात काय केलं ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. आता साठी उलटली, सांगायला हरकत नाही.

तेव्हा आम्ही नाशिकरोडला राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर गल्लीचा एकुलता एक नळ. घरात आई आणि मी, दोघीच. वडील मी आठवीत असताना गेले. ते सरकारी कचेरीत शिपाई होते, त्यांच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर आईला घेतलं. आमच्या घरात सकाळ नळाने व्हायची. पाणी यायच्या आधी तास-दीड तास हंडे, कळश्या, तेलाचे डबे असं सगळं रांगेत लागलेलं असायचं, आणि कोणाचा हंडा कोणाच्या पुढे होता यावरून रोज एक तरी भांडण. मग नोटा छापायच्या प्रेसचा भोंगा. भोंगा झाला की आई तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची, डब्यात दोन भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि असली तर कालची उडदाची आमटी. चांदवडहून मामा वर्षाचे कांदे पाठवायचा, ते खाटेखाली पसरलेले. आमच्या कपड्यांना, वह्यांना, उशीला, सगळ्याला कांद्याचा वास. कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली नाक मुरडायच्या आणि मी त्यांच्याकडे असं बघायचे की त्या दुसऱ्या बाकावर जायच्या. स्वभावच तसा होता. आजही फार सुधारलेला नाही.

आईचं नाव शांताबाई. पण कचेरीत तिला नाव नव्हतं. "मावशी" म्हणायचे सगळे, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते तेसुद्धा. दाराशी एक स्टूल, त्यावर ती बसायची. घंटी वाजली की उठायचं, फाइल इथून तिथे न्यायची, चहा सांगायचा, पाणी द्यायचं. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला कडक, कोणाला कप चालत नाही ग्लासच लागतो, सगळं तिला पाठ. चहाचाही क्रम ठरलेला. आधी साहेब, मग देवरे भाऊसाहेब, ते हेडक्लार्क. मग आहेर, मग शिंदे, मग टायपिस्ट मॅडम. एकदा घाईत तिने आहेरांचा कप देवरेंच्या आधी ठेवला तर देवरेंनी आपल्या कपाला दिवसभर तशीच साय धरू दिली, प्यायले नाहीत. ही गोष्ट आईने घरी येऊन सांगितली ती स्वतःची चूक म्हणून. पाणी मात्र सगळे तिच्या हातचं प्यायचे असं नाही. एक भाऊसाहेब रोज पाण्याची बाटली घरून आणत. वडिलांच्या वेळीही आणत. आई त्याबद्दल कधी बोलायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यांना गार पानी सोसत नसंल." तो राग माझ्या पोटात कितीतरी वर्षं राहिला.

शिपायाला कारकून होता यायचं. त्यासाठी खात्याची परीक्षा असायची. आईने त्या परीक्षेच्या पायरीपर्यंत यायला चार वर्षं घातली. आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, दोनदा गणितात उडून तिसऱ्यांदा सुटली. मग टायपिंगच्या क्लासला गेली. चाळिशीची बाई, शेजारी सोळा-सतरा वर्षांची पोरं, आणि ही त्या खडखडाटात एक-एक अक्षर शोधतीय. मराठी तीसचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी तिने बोंबील केले होते आणि गल्लीत दोन घरी वाटीभर पाठवले. पण परीक्षेत दोनदा ती बुद्धिमत्ता चाचणीवर आपटली. मराठीचा पेपर, कार्यालयीन कामकाजाचा पेपर, यात तिला चांगले मार्क पडायचे. कचेरीचं कामकाज तिला कारकुनांपेक्षा जास्त कळत होतं हे मी पैजेवर सांगते. पण बुद्धिमत्तेत सगळं वाहून जायचं. तिसरी खेप ही शेवटची. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि घरात कोणी ते तोंडातून काढत नव्हतं.

तिला नेमकं काय हवं होतं ते मी एकदा विचारलं होतं. भाकरी थापत होती. मला वाटलं पगार म्हणेल. ती म्हणाली, "टेबल पायजे. कुलूपाचा ड्रॉवर असतो ना, त्यात चष्मा ठिवायचा. आन् मस्टरवर नाव. आमचं नाव मागल्या पानावर ऱ्हातं गं, शिपाई-पहारेकरी-सफाईवाले. पुढल्या पानावर पायजे एकदा." मग लगेच, "जाऊ दे, भाकर करपंल," म्हणून तिने मान वळवली. एवढंच बोलली.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते. क्रम लावायचे प्रश्न म्हणजे माझा हातखंडा. कोण उंच कोण बुटका, कोण आधी आलं कोण नंतर, कोण कोणाच्या डावीकडे बसलं, दिवसाला वीस-वीस सोडवायचे आणि मनातून फुगायचे. आईला शिकवायचं मीच ठरवलं. "यंदा तुला मी पास करते," म्हणाले. अगदी याच शब्दांत. आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिले पंधरा दिवस नुसता वैताग. संध्याकाळी ती सहाला यायची, तोंड-हात धुवून, चहा पिऊन पुस्तक घेऊन बसायची. मी पानावर पाच रेघा ओढायचे. "हं, अ हा ब च्या डावीकडे आहे. बसव." आई पेन्सिल धरून बसायची आणि अ कडे नुसती बघत राहायची. "याला ना तोंड, ना नाव, ना गाव. ह्याला कुठं बसवू?" म्हणायची. डावं-उजवं तिचं रोज उलटं व्हायचं, कारण ती माझ्या समोर बसायची आणि तिची डावी बाजू म्हणजे माझी उजवी. मग मी तिला माझ्या शेजारी बसवलं, डाव्या हाताला एक काळी बांगडी घालायला लावली, आणि "ही काळी ती डावी" असं घोकून घेतलं. "शेजारी" आणि "लगेच शेजारी" यातला फरक समजवायला एक अख्खा रविवार गेला. मी ओरडायचे. खरंच ओरडायचे, शेजारणींना ऐकू जाईल असं. "अगं, डोकं कुठंय तुझं?" असं मी माझ्या आईला म्हणालेय. ती मुकाट्याने खोडरबर घ्यायची. दिवसभर दुसऱ्यांची हाक ऐकून आलेली बाई संध्याकाळी माझी ऐकत होती.

युक्ती सुचली ती नळावर. एक दिवस पाण्याला वेळ होता, आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती आणि समोर हंड्यांची रांग लागलेली. मी सहज विचारलं, "आई, सहाव्या नंबरला कोणाचा हंडा गं?" मान वर न करता म्हणाली, "ठोकेबाईचा. तिच्या पुढं पोचा पडलेली कळशी हाय ती सखूची, आन् मागं निळा डबा. पर सखू मगाशी तिसरी व्हती, कोनीतरी सरकावलीय." मी बघतच राहिले. ही बाई क्रम लावत होती, आणि कोणी सरकवलेला क्रम पुन्हा जागेवर आणत होती, तेही तांदळातले खडे काढता काढता. त्या संध्याकाळी मी पुस्तकातला प्रश्न घेतला, अ च्या जागी ठोकेबाई घातली, ब च्या जागी सखू. आईने अर्ध्या मिनिटात सगळ्यांना जागेवर बसवलं. मी दुसरा दिला, तिसरा दिला. एकही चुकला नाही. मी उठून तिला मिठीच मारली. "सोड गं, पीठ लागंल," म्हणाली, पण खूश झाली होती, मला कळत होतं.

पण बसण्याचे प्रश्न हंड्यांवर नीट जमेनात, कारण हंडा कोणाकडे तोंड करून बसत नाही. म्हणून मी म्हणाले, "कचेरीतली माणसं घाल." ही माझी अक्कल. पाच जणांचा प्रश्न आला की अ म्हणजे साहेब, ब म्हणजे देवरे, क म्हणजे आहेर, ड म्हणजे शिंदे, इ म्हणजे टायपिस्ट मॅडम. नावं नेहमी त्याच क्रमाने, म्हणजे घोळ होणार नाही. सहा-सात जण असले तर वरच्या मजल्यावरचे एक-दोन. आईचा वेग बघून मला माझीच लाज वाटू लागली, इतकी ती भरभर सोडवायची. एकदाच तिने हात आखडला. प्रश्नात अ उजव्या टोकाला होता. आई म्हणाली, "साहेबाला कोपऱ्यात? तिथं मुतारीचा वास येतो." मी पोट धरून हसले. "बसव गं, कागदावर कोण येतंय बघायला." तिने साहेबाला बसवलं कोपऱ्यात आणि मग स्वतःही पदर तोंडाला लावून हसली. नंतर दोन-तीन दिवस कचेरीतून आली की म्हणायची, "आज साहेबाकडं पाह्यलं आन् मला हसूच आलं, कोपरा आठवला." आम्ही इतक्या हसलो त्या महिन्यात. वडील गेल्यानंतर घरात इतकं हसू पहिल्यांदाच आलं होतं.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी टायपिस्ट मॅडमची बदली झाली, ओझरकडे कुठेतरी. त्यांचं टेबल रिकामं झालं. कचेरीत कुजबुज सुरू झाली की या खेपेला शिपायातून जो पास होईल त्याला तेच टेबल. आईने हे मला सांगितलं, पण फार सांगितलं नाही. एवढंच कळलं की ती रोज सकाळी ते टेबल पुसायची. पुसायची ती सगळीच टेबलं, ते तिचं कामच होतं, पण या टेबलाचा ड्रॉवर तिने उघडून बघितला आणि त्याला किल्ली आहे हे ती मला दोनदा बोलली.

परीक्षा शहरातल्या एका शाळेत होती. मी सोबत गेले. आईने लग्नातलं, अजून घडी न मोडलेलं पातळ काढलं होतं आणि काळी बांगडी घातली होती. बाहेर शिपायांची हीऽ गर्दी, पांढऱ्या टोप्या, खाकी कपडे, कोणी चांदवडचा, कोणी येवल्याचा, कोणी पार सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेला. सगळे चाळीस-पंचेचाळिशीचे, आणि शाळेतल्या पोरांसारखे पुस्तकं उघडून पुटपुटत होते. आई दोन वेळा पाणी प्यायली. "सुजे, समदं इसरल्यासारखं झालंय गं," म्हणाली. मी म्हणाले, "घाबरायचं नाही. माणसं घाल आणि बसव." आत जाताना तिने मागे वळून मान हलवली. सुटली तेव्हा चेहरा बरा होता. "कसा गेला?" "गेला बरा." "बसायचा प्रश्न आला होता?" "आला व्हता. एकाच रांगेवर पाच प्रश्न व्हते." "आला ना सगळा?" "बसिवलं सगळ्यांला," म्हणाली. प्रश्नपत्रिका तिने पिशवीत घडी करून ठेवली होती, मी मागितली तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आता झालं ना, नको जिवाला घोर." मीही सोडून दिलं. आम्ही स्टँडवर एकेक मिसळ खाल्ली. तिने माझ्या ताटलीत आपला एक पाव टाकला.

निकाल अडीच महिन्यांनी लागला. यादी कचेरीच्या नोटीस बोर्डावर लागते, आणि नोटीस बोर्डावर कागद लावायचं काम शिपायाचं. आईनेच ती यादी टाचण्यांनी लावली. लावता लावता वाचली. तिचं नाव नव्हतं. मार्कांचा कागद नंतर आला, तीन मार्कांनी राहिली होती. त्या संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला घरी आली, पाय धुतले, चहा टाकला आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली, "नाय झालं." मला वाटलं, रडेल. रडली नाही. मीच रडले, आणि रडता रडता त्या परीक्षा घेणाऱ्यांना तोंडाला येईल ते बोलले. आई म्हणाली, "हळू. लोक ऐकत्यात."

पुढचं सगळं थोडक्यात सांगायचं तर, मॅडमच्या टेबलावर दुसऱ्या कचेरीतला एक पास झालेला माणूस आला. चांगला होता बिचारा, आईला "ताई" म्हणायचा. आई त्याला चहा द्यायची, शिंदेंच्या नंतर. ती त्याच स्टुलावरून निवृत्त झाली. निरोपसमारंभात तिला नारळ, शाल दिली आणि हौसेने साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, तर ती पूर्ण वेळ खुर्चीच्या कडेवर टेकून होती. मी मात्र आईच्या निकालाच्याच वर्षी बँकेत लागले. माझ्या पेपरातही बसण्याचा प्रश्न होता, आठ जणांचा. मी अक्षरं अक्षरंच ठेवली आणि सगळे बरोबर आणले. माझ्या यशाचे पेढे आईने कचेरीत वाटले, क्रमाने.

पण मला सांगायचा आहे तो निकालानंतरचा रविवार. दुपारची जेवणं झाली होती. बाहेर नळाला पाणी नव्हतं म्हणून गल्ली शांत होती, लांब कुठेतरी मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते. आईने पेटीतून ती घडी केलेली प्रश्नपत्रिका काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "बघ बरं काय चुकलं. आता बघाया हरकत नाय." मी पानं उलटत, तिने खूण केलेली उत्तरं तपासत गेले. बाकीचं ठीक होतं, इथे एक तिथे एक चुकलेलं, कोणाचंही चुकतं तेवढं. मग बसण्याचा प्रश्न आला. इतका सोपा होता की मला तो आजही पाठ आहे. पाच जण एका बाकावर उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत. अ डाव्या टोकाला आहे. ड हा अ च्या लगेच शेजारी आहे. ब हा क च्या लगेच डावीकडे आहे. इ च्या दोन्ही बाजूंना व्यक्ती आहेत. बस्स. अ आणि ड बसले की ब-क ची जोडी राहते आणि इ राहतो. इ एक तर मध्ये, नाही तर उजव्या टोकाला. टोकाला बसला तर त्याच्या एकाच बाजूला माणूस येतो. म्हणजे इ मध्ये. अ, ड, इ, ब, क. दहा सेकंदांचं काम.

समासात आईच्या पेन्सिलीने पाच रेघा ओढलेल्या होत्या, मी शिकवल्या तशाच. रेघांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: साहेब, शिंदे, मी, देवरे, आहेर. अगदी बरोबर. आणि त्यावर आडवी काट मारलेली होती, दोनदा, दाबून. खाली दुसरी रांग: साहेब, शिंदे, देवरे, आहेर, मी. पाचही उत्तरं या खालच्या रांगेवरून दिलेली. पाचही चूक. तीन मार्कांनी राहिली होती ती.

"आई," मी म्हणाले, "हे ‘मी’ कोण?"

"मी म्हंजे मी. मॅडम गेल्या ना बदलून. मंग पाचवी कोन घालू? तिथं आता कोनीच नव्हतं. म्हनलं, पास झाले तर तिथं मीच येनार. म्हनून मला घातलं."

"मग पहिलं बरोबर आलं होतं! खोडलंस कशाला?"

आईने पदराचा काठ सरळ केला. मी परत विचारलं, आवाज चढवून.

"बसले व्हते मधी," ती म्हणाली. "पर बरं दिसंना. एका अंगाला शिंदे, एका अंगाला देवरे भाऊसाहेब. भाऊसाहेबांच्या अंगाला अंग लावून मी? म्हनलं आपलंच काहीतरी चुकलं. मंग परत वाचलं. तिथं लिवलंय, दोन्ही बाजूंना मानसं हायती. तं दारापाशी असत्यातच की दोन्ही बाजूंना. इकडून आहेर, आन् तिकडून कामाला आलेली लोकं उभी ऱ्हात्यात. दिवसभर उभी असत्यात. मंग बरोबर बसलं सगळं."

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहीत नाही. कागद होता तो, कागद, त्यात दार नव्हतं, लोक नव्हते, देवरे नव्हता, तू नव्हतीस, पाच अक्षरं होती नुसती. असं म्हणत म्हणत माझ्या लक्षात आलं की अक्षरांना माणसं मीच दिली होती. अक्षरं ठेवली असती तर ती चुकली तरी पाच अक्षरांत चुकली असती. मी तिला तिच्या कचेरीत नेऊन बसवलं आणि म्हणाले, आता सोडव. मी ती पत्रिका हातात धरून तशीच बसून राहिले, आणि आई माझ्याकडे बघत होती, म्हणजे आपण काय गुन्हा केला ते कोणीतरी सांगेल म्हणून बघावं तसं.

मग तिने विचारलं, "म्हंजे पैलं बरोबर व्हतं?"

"हो."

"मधी मीच व्हते?"

"हो, आई. मध्ये तूच होतीस."

तिने पत्रिका माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला, ती काट मारलेली ओळ डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग परत माझ्याकडे दिली. "वाच बरं. पैल्यापासून." मी वाचलं. साहेब. शिंदे. शांताबाई. देवरे. आहेर. तिने एकेका नावाला मान हलवली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, मला तेच सोसेना. ती विचार करत होती, प्रश्न अजून सुटला नसल्यासारखा.

"मंग," ती म्हणाली, "त्यांला पानी कोन देत व्हतं?"

मी म्हणाले, "ते प्रश्नात दिलेलं नाही, आई."

"बघ," आई म्हणाली. "म्हनून तर खोडलं म्या."